डावी बाजू

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. कर्नूल

अबोल्याचा पहिला दिवस.

चूक माझीच. काल अनंतपूरच्या लॉजवर माझा तोल गेला. बालाघाट सोडून अठरा दिवस झाले, कन्याकुमारी बघून झाली, परतीला लागलो, तरी यांचं रोज नवीन — इथून पंधरा किलोमीटरवर एक धरण आहे, तिथला पूल जुना आहे, बघून येऊ. म्हटलं, "अठरा दिवस झाले तुमच्या बाजूले बसून राह्यली. कंबर कामातून गेली माझी. एकदा घरी पोचली की पुन्हा नाही बसत तुमच्या बाजूले." हे कूस बदलून झोपले.

आज सकाळी उठून बघते तर पलंगाच्या काठावर टॉवेल घेऊन नुसते बसलेले. मी चहा पुढं केला, घेतला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तोंड खिडकीकडे. "डोकं जड झालं," एवढंच म्हणाले, तेही खिडकीलाच. चहा टेबलावर ठेवला, तिथंच गार झाला.

सदतीस वर्षांचा संसार आहे, यांचा अबोला मला नवा नाही. फ्रिज मी न विचारता लाल रंगाचा घेतला तेव्हा अकरा दिवस चालला होता. तेव्हा मुलीमार्फत निरोप जायचे. आता अपूर्वा बंगलोरला, मग निरोप्या कोण? खिडकी!

दुपारी जेवताना मात्र खरंच लागलं मनाला. ताट मी नेहमीसारखं केलं. सासूबाईंची शिस्त होती — आधी डावी बाजू, मग बाकीचं. मीठ, लिंबू, लोणचं, चटणी. हॉटेल कुठलंही असो, डिक्कीतून माझ्या दोन बरण्या निघतात आणि यांच्या ताटाची डावी बाजू मी भरते. जवसाच्या चटणीशिवाय यांना घास उतरत नाही. आज भाजी संपली, भात संपला, पापडाचा चुरा बोटानं टिपून खाल्ला. चटणी आणि लोणचं जसंच्या तसं. हॉटेलचं सगळं खाल्लं आणि माझ्या हातचं तेवढं ठेवलं.

इतका राग? मी तरी काय एवढं बोलले होते.

१० फेब्रुवारी, सोमवार. कामारेड्डी

दुसरा दिवस. चटणी आजही तशीच. मी पण आता विचारणार नाही.

दगड वाचणंही बंद केलं यांनी. पीडब्ल्यूडीत अडतीस वर्षं सब-इंजिनियर होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण रस्त्याच्या कडेचा किलोमीटरचा दगड दिसला की मोठ्यानं वाचायचा, हे काही सुटलं नाही. दगड डावीकडे, डावीकडच्या सीटवर मी, म्हणजे वाचन सगळं माझ्या तोंडावरून. "अनंतपूर बासष्ट. चुना बरा मारला आहे." जाताना मी वैतागायचे. म्हणायचे, अहो, देवाचं नाव घ्या एवढ्या वेळा, पुण्य तरी लागेल. आता दोन दिवस एकही दगड नाही, आणि गाडीत बसवत नाही.

हैदराबाद ओलांडल्यावर एका ढाब्यात वळताना फाटकाचा खांब माझ्या बाजूच्या आरशाला लागला. केवढा आवाज झाला! आरसा तुटून दाराशी लोंबायला लागला. मी म्हटलं, "अहो, आरसा गेला." यांनी आपल्या बाजूच्या आरशात बघितलं आणि म्हणाले, "ठीक तर आहे. काहीच्या बाही बोलत राह्यते." उतरून सरळ हात धुवायला गेले. गाडीला कोणी बोट लावलं तरी ज्यांचा जीव खालीवर होतो, ते तुटक्या आरशाकडे वळून बघत नाहीत!

ढाब्यावाल्याकडून सुतळी आणून आरसा मीच बांधला.

दाढीही अर्धीच केली आहे. डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच. एरवी चिडवलं असतं. अबोल्यात चिडवायची सोय नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार. निर्मल

आज लिहवत नाही. उद्या लिहीन.

१२ फेब्रुवारी, बुधवार. निर्मल, सकाळ

हे अजून उठले नाहीत. लिहून काढते, नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

काल निर्मलच्या अलीकडे हायवे सोडून चहासाठी गावातल्या रस्त्याला लागलो. समोर एक बाई चालली होती, डोक्यावर कपाशीच्या वाळल्या पराट्यांचा भारा. कडेकडेनं, डाव्या अंगानं, आपल्या वाटेनं. लांबूनच दिसत होती. मला वाटलं आता हे गाडी बाजूला घेतील, आता हॉर्न देतील. यांनी काहीच केलं नाही. ती बाई तिथं नाहीच, अशी सरळ गाडी. मी ओरडले आणि स्टिअरिंगला हात घातला. गाडी उजवीकडे गेली. बाई घाबरून नालीत बसली, भारा रस्त्यावर सांडला. लागलं नाही तिला. देवानंच राखलं. मी उतरून तिच्या पराट्या गोळा केल्या, तेलुगूत ती काय काय बोलत होती, मी नुसते हात जोडत होते.

गाडीत आले तर हे संतापलेले. "चालत्या गाडीचं स्टिअरिंग धरते? दोघं मेलो असतो."

"अहो, बाई होती समोर."

"कोणी नव्हतं."

"भारा होता डोक्यावर. आत्ता मी उचलून आली."

"मी पाहून राह्यलो होतो ना रस्ता? कोणी नव्हतं, मधु."

हे खोटं बोलले की यांचे कान लाल होतात, सदतीस वर्षांत एकदा चुकलं नाही. काल मी मुद्दाम बघितले. कान लाल नव्हते.

म्हणजे यांना खरंच वाटतं की तिथं कोणी नव्हतं. हा अबोला नाही, दुसरंच काहीतरी आहे. मामंजींची शेवटची चार वर्षं मी काढली आहेत. आधी चष्मा सापडेना, मग घर सापडेना, मग आम्ही सापडेनासे झालो. त्यांची सुरुवात अशीच झाली होती का? आठवत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण मनाला आवरणार कसं!

काल रात्री अपूर्वाचा फोन आला. "मम्मी, आवाज काहून असा येत आहे तुझा? पापा ठीक है ना?" म्हटलं, हौ, ठीक आहेत, थकले. तिला सांगितलं असतं तर ती तिथून विमान पकडून आली असती. आणि हे ऐकत असताना सांगणार तरी काय, तुझे पापा वेडे व्हायला लागले?

१३ फेब्रुवारी, गुरुवार. हिंगणघाट

घर आता अडीचशे किलोमीटर. महिनाभर लांब असल्यासारखं वाटतं.

काल निर्मलहून इथवर आलो, तेवढ्या वेळात मी किती देव बोलावले त्याची गणती नाही. बोलले तर चिडतात, न बोलावं तर जीव जातो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी एक केलं. दगड मीच वाचायला लागले. दगडांच्या मध्ये बाकीचं — "पांढरकवडा अठरा. पुढं सायकलवाला आहे, डावीकडे. डावीकडे ट्रक उभा आहे. बैलबंडी आहे, डावीकडे." हे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, पण गाडी थोडी उजवीकडे घेतात. गिअर टाकतानाही हात चाचपडतो, दोन दोनदा दांडा शोधावा लागतो. आणि सगळी संकटं माझ्याच बाजूला! यांच्या बाजूनं एवढे ट्रक घासून जातात, तिकडे हे बरोबर सांभाळून घेतात.

आज सकाळी मी यांची किल्ली लपवली. पोळ्यांच्या डब्यात. म्हटलं, एक दिवस इथंच आराम होईल, मॅनेजरकडून कुणी ड्रायव्हर मिळतो का बघू. ड्रायव्हरची गोष्ट कालच काढली होती, तर म्हणाले, "अडतीस वर्षं लोकांसाठी रस्ते केले, आता कोणाच्या मागं बसून घरी जाऊ? बालाघाटात काय तोंड दाखवू?"

किल्ली शोधायला लागले. शोधता शोधता चेहरा असा झाला की मला बघवेना. डब्यातून काढून हळूच टेबलावर ठेवली, पाण्याच्या तांब्याजवळ, डोळ्यांसमोर. हे टेबलापाशी आले, वर्तमानपत्र उचललं, चष्म्याचं घर उचललं, पुन्हा वर्तमानपत्र. किल्ली वीतभर अंतरावर! दिसली नाही. मग पलंगावर बसले, खिडकीकडे तोंड करून, आणि म्हणाले, "मधु, किल्ली हरवली ग."

पाच दिवसांनी अशा आवाजात बोलले. मी किल्ली उचलून यांच्या हातात दिली. "कुठं होती?" म्हणाले. मी म्हटलं, माझ्या पर्समध्ये.

द्यायला नको होती. लिहिताना कळतं आहे. त्या वेळी नाही कळलं.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ. भंडारा

नागपूरच्या बायपासवर मी डोळे मिटले होते, हे इथं कबूल करते. मिटून काय होणार, तरी मिटले. मग मिटलेल्या डोळ्यांनी "डावीकडे, डावीकडे" कोण म्हणणार हे आठवलं आणि उघडले.

पाच दिवसांत हे माझ्याकडे एकदाही बघून बोलले नाहीत. आरडाओरडा करतात तोही समोरच्या काचेवर. आता मला वाटतं, रागावलेलेच असू देत. फ्रिजसारखे अकरा दिवस, नाहीतर बावीस दिवस रागावू देत. नुसता रागच असू दे रे बाबा.

उद्या घर. भंडारा, तिरोडा, गोंदिया, राजेगाव, बालाघाट. राजेगावपासूनचा रस्ता यांच्याच हातचा आहे, दोनदा डांबर घातलं आहे यांनी त्यावर. डोळे बांधून चालवतील. हेच मघापासून स्वतःला सांगते आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. गोंदिया. दवाखान्याच्या बाकावरून

आज घरी पोचायचं होतं. नीट क्रमानं लिहिते. लिहिलं म्हणजे हात तरी कामात राहतो.

सकाळी आठला भंडारा सोडलं. रस्ता अरुंद, समोरून धानाचे ट्रक. तिरोड्याजवळ डावीकडचं चाक खाली उतरलं, मुरमातून गाडी पन्नास पावलं तिरपी गेली आणि कशीबशी वर आली. मी ओरडले नाही. दाराची मूठ धरून बसले.

गोंदिया आलं. माझ्या जिवात जीव आला, कारण गोंदियाच्या पुढं एक फाटा, डावीकडे, मग राजेगाव, मग तासाभरात घर. मी मनातल्या मनात कुलूपही उघडलं. हळूहळू दिसायला लागला फाटा. पाटी मोठी, निळी — बालाघाट. अडतीस वर्षं यांनी जो फाटा घेतला तो. मी मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, हा एवढा तरी यांना सांगावा लागू नये.

फाटा आला आणि गेला.

पुढं आमगावची घरं दिसायला लागली तेव्हा यांनी वेग कमी केला. "राजेगावचा फाटा अजून काहून नाही आला?"

मी म्हटलं, "मागं गेला, अहो."

यांनी गाडी थांबवली. भर रस्त्यातच. मागचा टेम्पोवाला शिव्या देऊन पुढं गेला. हे दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. "कसा गेला? मी पाहूनच तर राह्यलो होतो." मी यांना चिडलेलं पाहिलं आहे, रडतानाही पाहिलं आहे, मामंजी गेले तेव्हा. घाबरलेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

आता मागं वळा म्हणायची माझी हिंमत नव्हती. म्हटलं, "लांजी इथून जवळच आहे. लीलाबाईकडे जाऊ, जेवू, मग पाहू." लीलाबाई म्हणजे यांची धाकटी बहीण. "हौ," म्हणाले. लहान मुलासारखं. उरलेलं अंतर पंचवीसच्या वेगानं आलो, आणि मी एकसारखी बोलत होते — डावीकडे पोरी चालल्या, डावीकडे नाला, डावीकडे गाय.

लीलाबाईनं आल्या आल्या पानं घेतली. तीही त्याच आईची लेक. आधी डावी बाजू. मीठ, लिंबू, जवसाची चटणी, मिरचीचं लोणचं. मग वरण, भात, वांग्याची भाजी. मी बघत होते. भाजी संपली. भात संपला — म्हणजे उजवीकडचा अर्धा. भाताच्या मधोमध सुरीनं कापल्यासारखी रेघ, डावा अर्धा तसाच. कर्नूलपासून मी चटणीच बघत होते. भात बघितलाच नव्हता.

हे म्हणाले, "लीला, तुझ्याकडे चटणी नाही का जवसाची? सहा दिवस झाले, चटणी नाही भेटली. तुझी वहिनी बरण्या कुठं विसरली कोणास माहीत."

लीलाबाई माझ्याकडे बघायला लागली. मग यांच्याकडे. "दादा, वाढली ना."

"कुठं?"

ती पुढं वाकली आणि ताट धरून अर्धं फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली.

"ही आता दिली," म्हणाले हे, आणि भातात चटणी कालवून खायला लागले. बकाबका. सहा दिवसांचे उपाशी.

लीलाबाईचा अश्विन तिथंच उभा होता. त्याचं औषधाचं दुकान आहे लांजीत. तो मामाच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला, हात हलवला, बोटं दाखवली, यांना पत्ता नाही. उजवीकडे येऊन उभा राहिला. "अरे अश्विन, तू केव्हा आला?" मग तो मला परसात घेऊन गेला. "मामी, मामाले लकवा मारला असेल. डोक्यात. गाडीची किल्ली मले द्या. आत्ताच गोंदियाले नेऊ."

"अरे, चालतात, बोलतात. हातपाय हलतात सगळे."

"हौ, पण डावीकडचं दिसूनही त्यांले कळून नाही राह्यलं. मामी, भंडाऱ्याहून मामानं चालवत आणली गाडी?"

म्हटलं, अनंतपूरहून.

तो पायरीवर खालीच बसला.

१५ फेब्रुवारी, शनिवार. गोंदिया

मेंदूच्या उजव्या अंगाला रक्त थांबलं होतं. म्हणून डावीकडचं सगळं गेलं. डोळे शाबूत आहेत, पण त्या बाजूला जग आहे हेच मेंदूला आठवत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. सुधारू शकतं. वेळ लागेल. दुसरा झटका येऊ नये म्हणून औषधं सुरू केली आहेत. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "हे केव्हापासून आहे? नक्की दिवस सांगता येईल?"

मी ही वही काढली. कर्नूलचं पान उघडून दिलं. डॉक्टर मराठी वाचणारे. बराच वेळ वाचत होते. "अबोल्याचा पहिला दिवस." त्यांनी त्याच तारखेखाली पेननं बारीक रेघ मारली आणि त्यांच्या कागदावर ती तारीख उतरवली.

काही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं. त्याच दिवशी कर्नूलला कुठल्याही दवाखान्यात नेलं असतं तर? पलंगाच्या काठावर टॉवेल घेऊन बसलेला माणूस, घेतला नाही तो चहा, मी डाव्या बाजूला उभी — सगळं समोर होतं. मी रुसवे मोजत बसले. सहा दिवस मी त्या माणसाला चटणी न खाल्ल्याबद्दल मनातल्या मनात बोलले, आणि त्याला चटणी नव्हतीच मिळाली.

अपूर्वा निघाली आहे. काल रात्रभर यांना नीट झोप नव्हती. झोपेतही मान उजवीकडे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरा झटका आला नाही. आजचा दिवस गेला की बरं, म्हणाले डॉक्टर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलं आहे, डावीकडेच बसा, डावीकडूनच बोला, म्हणजे मान वळवायची सवय लागेल. तीन दिवस तेच केलं. आज पाच मिनिटं नियम मोडला. पलंगाला वळसा घालून उजवीकडे जाऊन बसले. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हात घट्ट धरला.

"आली तू? अनंतपूरले म्हणाली होती ना, आता बाजूले नाही बसत म्हणून. मले वाटलं, खरंच गेली. आवाज येत होता तुझा, पण बाजूले पाहो तं सीट खाली. एकट्यानंच आणली गाडी, मधु. लय भेव लागत होतं मले."